मांडवाविना वेल

रिओहाला कधी जायचं, हे आमच्या घरी छाटणीने ठरवलं.

प्रवासाची पुस्तकं सांगतात, सप्टेंबरच्या अखेरीस नाहीतर ऑक्टोबरात जा. तेव्हा उत्तर स्पेनमधल्या या खोऱ्यात द्राक्षांची तोडणी चालू असते, पानं तांबूस व्हायला लागतात, आणि लोग्रोन्यो शहरात सान मातेओच्या उत्सवात नव्या द्राक्षांचा पहिला रस पायांनी तुडवून काढतात आणि वाल्वानेराच्या मातेला अर्पण करतात. पण निफाड तालुक्यातल्या बागायतदाराला ऑक्टोबरात घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. गोडी छाटणी झालेली असते, डोळे फुटत असतात, परतीचा पाऊस डोक्यावर असतो आणि डाऊनी रोग कुठल्या पानामागून शिरेल याचा नेम नसतो. पुढे जानेवारी ते मार्च माल काढायचा, एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग उन्हाळाभर काडी तयार करायची. ज्येष्ठात माझे वडील, आप्पा, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला निघतात. ती वाट त्यांनी कुठल्याही हंगामासाठी सोडलेली नाही. हे सगळं वजा केल्यावर आषाढी आणि सप्टेंबर यांच्या मधली फट उरली. तेवढ्यात आमचा रिओहा बसवायचा होता.

ऑगस्टमध्ये तिथे मण्यात पाणी उतरायला लागतं. टेम्प्रानिल्यो या तिथल्या लाल जातीचे हिरवे, टणक मणी घडातल्या घडात एकेक करून जांभळे होत जातात. शेजारच्या मण्याने रंग धरला तरी हा अजून हिरवाच, असं काही दिवस चालतं. तोडणीच्या हंगामात येणाऱ्या पाहुण्याला ही अवस्था बघायला मिळत नाही. आम्हाला मिळेल. मग वाटलं, आपल्या वाट्याला जे दिवस आले आहेत ते उरलेसुरले नाहीत.

आप्पा माळकरी आहेत. आयुष्यभर द्राक्षं पिकवली, वाइनचा थेंब चाखला नाही आणि चाखणारही नाहीत. अशा माणसाला वाइनच्या प्रदेशात कशाला नेते, असं नात्यातल्या दोघाचौघांनी मला विचारलं. मला मात्र ठामपणे वाटतं की त्या प्रदेशात जाण्याचा पहिला हक्क त्यांच्यासारख्यांचा आहे. बाटली तिथे सगळ्यांत शेवटी येते. तिच्याआधी पिंप, पिंपाआधी हौद, हौदाआधी वेल, वेलीआधी माती आणि त्या मातीत वाकलेला माणूस. वाइन पर्यटनाच्या बहुतेक आखण्या शेवटच्या टोकापासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. दिवसाला तीन तळघरं, प्रत्येक ठिकाणी चार पेले, मधे जेवण. संध्याकाळी यादी पुरी होते, पण वेलीला हात लागलेला नसतो. माझ्या आखणीत वेल आधी आली, आणि ती आप्पांमुळे आली.

सुरुवात भावाने दाखवलेल्या एका छायाचित्रापासून झाली. रिओहातली जुनी बाग होती. मांडव नाही, तारा नाहीत, अँगल नाहीत. गुडघ्याएवढं गाठाळ खोड, त्याला तीन-चार हात, आणि वरती पानांचा झुपका. प्रत्येक वेल सुटी, स्वतःच्या बळावर उभी. आप्पांनी फोन जवळ धरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आधार न्हाई तर घड मातीला टेकत न्हाई का?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी रिओहा शिकले. ही पद्धत तिथली जुनी. वेल लहान ठेवायची, हिवाळ्यात छाटायची, परंपरेने एका वेलीवर बाराच्या आसपास डोळे राखायचे. पानांचा झुपका घडावर सावली धरतो आणि थोडेच घड असल्याने खोडाला भार पेलतो. वर्षातून छाटणी एकदाच, कारण तिथली थंडी वेलीला झोपवते. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून आपण तिला दोनदा छाटून हंगाम घडवतो. हे आप्पांना एका वाक्यात समजलं. मला तीन पुस्तकांनंतर समजलं होतं.

दुसरी गोष्ट त्यांना पटायला वेळ लागला. रिओहाच्या नियामक मंडळाने उत्पन्नावर मर्यादा घातली आहे. लाल द्राक्षांना हेक्टरी ६,५०० किलो, पांढऱ्यांना ९,०००. म्हणजे लाल जातींचं एकरी अडीच टनांच्या थोडं वर. खायच्या द्राक्षांचं एकरी दहा-बारा टन काढणारा माणूस हे ऐकून गप्प झाला. मग म्हणाले, "जास्त पिकवलं तर?" जास्तीचा माल त्या नावाने विकता येत नाही. नाव टिकवायचं तर पीक आवरायचं, असा तो करार आहे. रिओहाला १९९१ मध्ये स्पेनमधली सर्वांत वरची, पात्रताप्राप्त उगमनामाची श्रेणी मिळाली, आणि ती मिळवणारा हा तिथला पहिला प्रदेश.

नकाशा पसरला तेव्हा एब्रो नदी आधी सापडली. तिच्या काठाने वायव्येकडून आग्नेयेकडे सुमारे शंभर किलोमीटर हा प्रदेश पसरलेला आहे. त्याचे तीन भाग आहेत: रिओहा आल्ता, रिओहा आलावेसा आणि रिओहा ओरिएंताल. उत्तरेला सिएरा कान्ताब्रियाची भिंत उभी आहे. अटलांटिकवरून येणारे ओले वारे ती अडवते, आणि तिच्या पायथ्याशी, उन्हात, आलावेसाची गावं बसली आहेत. हातात दिवस मोजके असताना तिन्ही भाग करायचे म्हणजे गाडीच्या काचेतून बघायचे. ओरिएंताल आम्ही पूर्ण सोडला. तिथली गार्नाचा ही जात, तिथली कोरडी उष्ण हवा, सगळं सोडलं. सोडताना वाईट वाटलं, पण नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या पंधरा-वीस मैलांत राहायचं हे पक्कं झालं.

मुक्कामासाठी लोग्रोन्यो सगळे सुचवतात. काये देल लाउरेल या गल्लीत एकाला एक लागून लहान बार, प्रत्येकाचा एखादाच ठेवणीतला पदार्थ. तव्यावर लसूण-तेलात परतलेल्या अळंब्यांची उतरंड पावावर काडीने टोचून देणारा बार तर प्रसिद्धच आहे. एक संध्याकाळ तिथली, आणि वरची कोळंबी न घालता मागितल्या तर त्या अळंब्या आप्पांनाही चालतील. पण राहायचं लाग्वार्दियात. टेकडीवरचं तटबंदीचं जुनं गाव. घरांच्या खाली दोनशेहून अधिक तळघरं कोरलेली आहेत, आणि जमीन अशी पोखरलेली असल्याने आतल्या गल्ल्यांत गाड्यांना बंदी आहे. सान्ता मारिया दे लोस रेयेस या देवळाचा चौदाव्या शतकातला दगडी दरवाजा आत झाकलेला राहिल्यामुळे त्यावरचे रंग शाबूत आहेत. आणि तटाबाहेर पाऊल टाकलं की लगेच बागा. भल्या पहाटे उठणाऱ्या माणसाला गाडीत न बसता वेलीपर्यंत चालत जाता आलं पाहिजे, एवढीच माझी अट होती. ती लाग्वार्दियाने पुरी केली.

जवळच एल्सिएगोला फ्रँक गेरीने २००६ मध्ये मार्केस दे रिस्काल या कोठाराच्या आवारात बांधलेलं हॉटेल आहे. त्याच्या छतावरच्या टायटॅनियमच्या पट्ट्यांतला गुलाबी रंग वाइनचा, सोनेरी बाटलीवरच्या जाळीचा आणि चंदेरी बुचावरच्या टोपणाचा. लाग्वार्दियाच्या पायथ्याशी सान्तियागो कालात्रावाने बांधलेलं इसिओस हे वाइनचं कोठार आहे, डोंगराच्या रांगेसारखं लाटांचं छप्पर असलेलं. दोन्ही रस्त्यावरून दिसतात, तेवढं बघून पुढे जायचं. मला त्या इमारती आवडतात; पण वेळ अपुरा असताना मी त्यांच्याआधी दगडातले हौद निवडले.

सोन्सिएरा म्हणतात त्या पट्ट्यात, सान विसेन्ते आणि आबालोसच्या आसपास, बागांच्या मधोमध उघड्या खडकात कोरलेले मध्ययुगीन हौद आहेत. वर पसरट खड्डा, त्यात द्राक्षं तुडवायची. खाली उतरती पन्हळ आणि रस साठायला खोलगट कुंड. शेतातच रस काढून कातडी पखालींतून गावात न्यायचा. तिकीट नाही, रांग नाही, पेला नाही. शेजारी कुठेकुठे गोल दगडी खोपट दिसतं, राखणदाराचं. पीक तयार होत आलं की तो तिथे बसायचा. आप्पांनी तरुणपणी बागेत राखणीला काढलेल्या रात्री मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या खोपटात ते थोडा वेळ बसतील, यासाठी मी एक पूर्ण सकाळ मोकळी ठेवली.

तळघर मात्र एकही नको असं नव्हे. रिओहाची गोष्ट आरो गावाच्या रेल्वे स्थानकाशिवाय पुरी होत नाही, आणि ती गोष्ट द्राक्षवाल्याने ऐकलीच पाहिजे अशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या बागांची मुळं फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीने खाल्ली. बोर्दोच्या व्यापाऱ्यांना माल हवा होता, आणि १८६३ मध्ये बिल्बाओकडे जाणारा लोहमार्ग आरोला पोचला होता. व्यापारी आले, त्यांच्याबरोबर लहान ओक पिंपांत वाइन मुरवायची रीत रुजली, आणि स्थानकाच्या भोवती एकामागून एक कोठारं उभी राहिली: १८७७ मध्ये लोपेस दे एरेदिया, १८७९ मध्ये कूने, १८९० मध्ये ला रिओहा आल्ता. त्याच १८९० मध्ये आरोच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. स्पेनमधल्या अगदी पहिल्या काही गावांत. मग १८९९ मध्ये ती कीड इथेही आली. उपाय एकच होता, तोच फ्रान्सने केला होता. मुळं अमेरिकन रानवेलीची आणि वर कलम आपल्या जातीचं.

हे मी आप्पांना सांगत होते तेव्हा त्यांनी मधेच थांबवून विचारलं, "म्हणजे खुंट?" हो, खुंट. आमच्या बागेत डॉगरिज आहे, तोही अमेरिकन. आपल्याकडे तो आला पाण्याची टंचाई आणि जमिनीतला खार यांच्यामुळे, किडीमुळे नाही. पण हातातलं काम तेच, चीर तीच, पट्टी तीच. डॉगरिजवर थॉमसनची कलमं आप्पांनी स्वतःच्या हाताने बांधली आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आरोच्या माणसांनी जे केलं ते त्यांना वर्णन करून सांगावं लागत नाही.

त्या स्थानकाभोवतीच्या कोठारांपैकी एकच निवडायचं होतं. तिथे कुठे झाहा हदीदने बांधलेला वाइनच्या सुरईच्या आकाराचा मंडप आहे, कुठे आयफेलच्या कार्यालयाने आखलेलं खांबांविना दालन. मी निवडलं मूगा, कारण तिथे अजून स्वतःचे पिंप घडवणारे कारागीर आहेत. लाकूड आगीवर वाकवतात, कडी ठोकतात. वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढताना मेणबत्तीच्या उजेडात बघतात, गाळ येऊ लागला की धार गढूळ दिसते आणि तिथेच थांबवतात. वाइन निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक वापरतात. भाऊ आणि मी चाखू. गाडी ज्याच्याकडे असेल तो त्या दिवशी नुसता वास घेईल. पिंप घडताना बघायला आप्पांना माळेची अडचण नाही.

मुरवण्याबद्दल त्यांना विशेष कुतूहल आहे. आमचा माल तोडल्यापासून दुसऱ्या दिवशी शीतगृहात आणि मग कंटेनरमध्ये जातो. एक दिवस उशीर म्हणजे पैसा गेला. आमच्या बागेतली द्राक्षं अनेक हंगाम युरोपला गेली आहेत. पिकवणारा माणूस आता निघाला आहे. आणि तो जिथे निघाला आहे तिथे ग्रान रेसेर्वा श्रेणीच्या लाल वाइनला किमान पाच वर्षं थांबवून ठेवतात, त्यातली निदान दोन लाकडात आणि दोन बाटलीत. रेसेर्वाला तीन वर्षं, क्रिआन्साला दोन. पाच वर्षं पैसा अडकवून ठेवणाऱ्याच्या मागे कोण उभं असतं, हा आप्पांचा प्रश्न. तो मला कुठल्याही वाइनच्या पुस्तकात सापडला नाही, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. कारण थांबू शकतो तो कोठारवाला. द्राक्षं पिकवणाऱ्याला त्याच वर्षी पैसे लागतात.

रिओहात बराच काळ लेबलवर वय ठळक असायचं आणि गाव गायब. वेगवेगळ्या गावांची द्राक्षं एकत्र करून कोठाराच्या नावाने विकली जायची. २०१७ मध्ये नियम बदलले. गावाचं नाव ठळकपणे लावता येऊ लागलं आणि एका विशिष्ट बागेची वेगळी नोंदही होऊ लागली. त्यासाठी वेलींचं वय किमान ३५ वर्षं हवं आणि उत्पन्न नेहमीच्या मर्यादेहून कमी. आमच्याकडे पंधरा-वीस वर्षांत बाग मोडतात, कारण उतारा कमी होतो. तिथे उतारा कमी होतो म्हणूनच म्हाताऱ्या वेलीला किंमत. आप्पांना हे फार आवडलं. त्यांनी मोडलेल्या पहिल्या बागेची आठवण त्यांनी त्या संध्याकाळी काढली, कुठल्या ओळीत कुठली वेल जोरकस होती इथपर्यंत.

पण तिथलं सगळं गोड आहे असं त्यांना भासवायचं नव्हतं. स्पेनमध्ये आणि बाहेरही लाल वाइनचा खप घटतो आहे. रिओहात माल शिल्लक पडला, आणि २०२३ मध्ये शिल्लक वाइनचं ऊर्ध्वपातन करायला आणि कच्चे घड वेलीवरूनच उतरवून टाकायला अनुदान द्यावं लागलं. त्याआधी एप्रिल २०१७ च्या अखेरीस एका रात्रीच्या दंवाने कोवळे फुटवे करपले होते. निफाडचा पारा उतरला की मणी तडकू नयेत म्हणून आम्हीही पहाटे बागेत शेकोट्या करतो. त्या रात्री तिथली माणसं काय करत असतील, हे आमच्या घरात कोणालाही विचारावं लागलं नाही.

एक दिवस बागांच्या बाहेरचाही ठेवला, आणि तो आप्पांच्या पायांसाठी. सान्तियागोची यात्रावाट लोग्रोन्योतून जाते, पुढे नावारेते, नाहेरा, सान्तो दोमिन्गो दे ला काल्सादा. लोग्रोन्यो ते नावारेते हा बारा-तेरा किलोमीटरचा टप्पा तळ्याकाठून आणि बागांमधून जातो. दिंडीत चालणाऱ्याला हे अंतर न्याहारीआधीचं. सान्तो दोमिन्गो हा अकराव्या शतकातला साधू. त्याने यात्रेकरूंसाठी रस्ता केला, पूल बांधला, धर्मशाळा उभारली. त्याच्या देवळात आजही जिवंत कोंबडा-कोंबडी ठेवलेली असतात, निरपराध फासावर गेलेल्या आणि तरी जिवंत राहिलेल्या एका यात्रेकरू मुलाच्या कथेची खूण म्हणून. ही कथा मी आप्पांना अजून सांगितलेली नाही. ती देवळात उभं राहूनच सांगायची आहे.

तिथून सान मियान दे ला कोगोया फार लांब नाही. वरचा सूसो आणि खालचा यूसो हे दोन मठ आहेत. सूसोला स्वतःच्या गाडीने जाऊ देत नाहीत, यूसोहून लहान बस नेते आणि तिकीट आधी घ्यावं लागतं, ते घेतलं. इथल्या एका लॅटिन पोथीच्या समासात कोणा भिक्षूने लोकांच्या बोलीत टिपणं लिहून ठेवली. तेराव्या शतकात गोन्सालो दे बेर्सेओने याच मठाच्या छायेत संतचरित्रं रचली, तीही लॅटिनमध्ये नाही, गावच्या बोलीत. त्याच शतकाच्या अखेरीस नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आप्पा रोज सकाळी ती उघडतात. हा थांबा आखणीतून काढायचं माझ्या मनातही आलं नाही.

जेवणाचं मी थोडक्यात आवरलं. रिओहाचं नावाजलेलं जेवण म्हणजे छाटणीच्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या फासळ्या. ते भावासाठी. आप्पांसाठी भाज्यांचं मेनेस्त्रा, भाजलेल्या लाल मिरच्या, शतावरीचे पांढरे कोंब. मेनेस्त्रात डुकराचं मांस घालतात कधीकधी, म्हणून आधी विचारायचं वाक्य स्पॅनिशमध्ये लिहून घेतलं आहे. शिवाय वहिनीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी द्यायचं कबूल केलं आहे.

उरला तो माणूस, ज्याच्या बागेत उभं राहून बोलता येईल. आलावेसात अजून काही कुटुंबं पूर्ण घड देठांसकट उघड्या हौदात टाकून त्या वर्षीचीच ताजी वाइन करतात. मुरवणं नाही, पिंप नाही. अशाच एका कुटुंबाला मी पत्र लिहिलं. वाइन चाखायला नको, सकाळी बाग बघायची आहे, माझे वडील द्राक्ष पिकवतात, असं. सोबत आप्पांनी सांगितलेले प्रश्न: घड मातीला टेकतात का. भुरीला गंधक किती वेळा मारता. वेलीचं वय काय. मजूर कुठून येतात. किलोला भाव काय पडला, आणि पैसे किती दिवसांनी मिळतात. शेवटचे दोन लिहावेत की नाहीत असं मी विचारलं, तर म्हणाले, "तेच तर आधी लिही."

उत्तर आठवड्याने आलं. ऑगस्टमध्ये सकाळी सहा ते अकरा मी बागेतच असतो, तेव्हा या. घड टेकत नाहीत, पण गारपिटीनंतर टेकतात. दराचं समोरासमोर बोलू. कायद्याने उत्पादनखर्चाखाली द्राक्षं विकत घ्यायला बंदी आहे आणि लेखी करार लागतो, तरी खर्च कोण कसा मोजतो यावर दरवर्षी भांडण होतं. आणि खाली त्याचा प्रश्न: तुमच्याकडे खुंट कुठला, आणि दोन ओळींत अंतर किती ठेवता?

आप्पांनी चष्मा काढून मला सांगितलं, "डॉगरिज लिही. अंतर नऊ बाय पाच." फूट तिथे चालत नाहीत, म्हणून मी ते २.७ मीटर बाय १.५ मीटर करून पाठवलं, आणि खाली आप्पांच्या सांगण्यावरून आमच्या मांडवाचं एक छायाचित्र जोडलं.